काशीतले परवान्याचे भांगेचे दुकान

दशाश्वमेध घाटावरची गंगाआरती आटोपून आम्ही गोदौलियाकडे परतत होतो. गल्लीच्या तोंडाशी माझ्या दिरांची पावले थबकली. चिमुकले दुकान, पुढे लोखंडी जाळी आणि वर हिंदी पाटी, ‘भांग की सरकारी दुकान’.

“वहिनी, बघा तरी! इथे सरकारच भांग विकते!”

जाळीआडचे साठीचे दुकानदार हसले. सरकार विकत नाही, परवाना देते, असे त्यांनी समजावले. हा परवाना उत्तर प्रदेशाचे आबकारी खाते देते. 2025 सालापासून दारूच्या दुकानांप्रमाणे भांगेच्या दुकानांचीही संगणकावर सोडत निघू लागली. अर्जासोबत भरलेले शुल्क परत मिळत नाही. नंबर लागला तर परवान्याचे पैसे भरायचे, नाही तर दुकान दुसऱ्याचे. “तीस वर्षे या गादीवर बसलोय,” ते म्हणाले, “पण संगणकाला माझे तोंड कुठे ठाऊक? सोडतीच्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.” त्यांचा नंबर लागला, म्हणून आमची भेट झाली.

मला नवल वाटले ते वेगळेच. गांजा बाळगला तर तुरुंग आणि त्याच झाडाच्या पानांचे राजरोस दुकान! याचे उत्तर कायद्यातच आहे. 1893 साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने यांनी आळा घालावा, असा सल्ला त्याने 1894 साली दिला. पुढे 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे ‘कॅनाबिस’ ठरले आणि नुसती पाने त्यातून वगळली गेली. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही तीच रेघ ओढली. शेंड्यांचा गांजा आणि राळेचा चरस केंद्राच्या कायद्यात आले. पानांची भांग राज्यांच्या हाती राहिली. गांजा वीस किलोपेक्षा जास्त सापडला, तर किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होते.

दुसऱ्या दिवशी ब्रह्माघाटावर आमच्या गुरुजींकडे गेलो. पेशवाईपासून मराठी घरे या भागात नांदत आली आहेत. जेवताना भावजींनी हळूच विचारले, “गुरुजी, शिमग्यासाठी एक पुडी पुण्याला नेली तर?”

गुरुजींचा घास हातातच राहिला. “अहो, इथला परवाना दुकानाचा, तुमच्या पिशवीचा नव्हे! आपल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बाबा विश्वनाथाचा प्रसाद म्हणून पोलीस सोडणार आहेत का?”

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पोटात गेलेली भांग लगेच चढत नाही. कधी तास-दोन तासही लागतात. काहीच होत नाही म्हणून यात्रेकरू दुसरा पेला घेतात आणि मग छाती धडधडते, भीती वाटते, भान हरपते. “गेल्या होळीला आमच्याकडे उतरलेल्या एका जावईबापूंना रात्रभर धरून बसावे लागले. पोरे बिचारी रडत होती.” म्हणून ठंडाई घेताना ‘सादी’ म्हणून बजावून सांगावे आणि लहान मुलांच्या पेल्यावर विशेष लक्ष ठेवावे, असे ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा गोदौलियाला गेलो. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घातलेली सादी ठंडाई मातीच्या कुल्हडातून प्यालो. दुकानदारांनी जाळीआडून हात केला. भावजींनीही हात केला, पण पाकिटाकडे तो गेला नाही.

पुण्याला आल्यावर सासूबाईंनी विचारले, “काशीहून काय आणलंत रे?”

“गंगाजल आणि ठंडाईचा मसाला,” भावजी म्हणाले आणि माझ्याकडे बघून हळूच हसले. त्या शिमग्याला आमच्या घरी ठंडाई झाली. सासूबाईंपासून धाकट्या नातवापर्यंत साऱ्यांनी एकाच भांड्यातली घेतली.