अंगाबरहुकूम

शिवणक्लासात आल्या आल्या हातात कापड मिळत नाही. मशीनच्या सुईत दोरा नसतो आणि सुईखाली असतो वहीचा रेघांचा कागद. पायपट्टीवर एक पाऊल जरा पुढे, एक मागे ठेवायचं, उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवायचं आणि मग ती गती पायांनी सांभाळायची. टाच आणि चवडा यांचा मेळ बसेपर्यंत चाक उलटं पळतं. भोकांची ओळ रेघेवरून सरळ जायला लागली, की बाई गोल काढून देतात, मग कोपरे. कोपऱ्यावर सुई आत रुतलेली ठेवायची, मशीनचा पाय उचलायचा, कागद वळवायचा, पाय खाली टाकायचा. “सुई आत असू दे गं,” हे बाईंचं वाक्य आमच्या क्लासच्या जिन्यापर्यंत ऐकू येतं.

सांगलीतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर हा क्लास भरतो. दहावीनंतर घरी बसलेली मुलगी, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, दोन शेजारणी, आणि धाकट्याला शाळेत सोडून धावतपळत येणारी एक आई, अशा आम्ही सगळ्या एका सतरंजीवर. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल. सरावाला मांजरपाट आणि इचलकरंजीहून आणलेले पॉपलीनचे कटपीस. झबलं, सहा कळ्यांचा परकर, फ्रॉक, मग चार टक्सचा ब्लाऊज आणि शेवटी कटोरी. क्रम ठरलेला आहे आणि तो योग्यच आहे. झबल्यात चूक झाली तरी बाळ ओरडत नाही, असं बाई म्हणतात.

मशीनचं पोटही बाईंनी एकदा उघडून दाखवलं. हातसुईचं भोक डोक्याशी असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. एलियास हाऊने अमेरिकेत १८४६ साली पेटंट घेतलं ते अशा टोकाशी भोक असलेल्या सुईच्या आणि दोन दोऱ्यांच्या मशीनचं. पुढे १८५१ साली सिंगरने आपल्या मशीनचं घेतलं. बाई चाक अगदी हळू फिरवत होत्या. सुई दोरा घेऊन खाली गेली, जरा वर आली, तेवढ्यात दोऱ्याचा फास सैल पडला, खालच्या आकड्याने तो झडप घालून धरला आणि बॉबिनभोवतून फिरवून आणला. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या जाडीत, दोन्ही बाजूंनी न दिसता, एकमेकांत अडकले. इतकं बारीक, इतकं बरोबर काम आपल्या आईच्या मशीनमध्ये सगळं आयुष्य चाललेलं होतं आणि आपण कधी वाकून पाहिलं नव्हतं, याचं मला फार वाटलं.

पण शिवणक्लासातली खरी शिकवणी मशीनवर होत नाही, ती टेपने होते, असं माझं मत आहे.

मापं घ्यायची ती एकमेकींची, जोडी करून. उंची, खांदा, छाती, कंबर, मुंढा, बाही, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. टेप पाठीवर घसरता कामा नये, आत दोन बोटं राहिली पाहिजेत. टेप कमरेभोवती आला की प्रत्येकीचं पोट आपोआप आत जातं. “श्वास सोडा,” बाई म्हणतात, “ओढून धरलेल्या पोटाचं माप कापडाला चालत नाही.” श्वास सोडला जातो, आकडा वहीत उतरतो. उंची साडेचौदा. छाती छत्तीस. उजवा खांदा पाऊण इंच उतरता. सगळं एकाच अक्षरात, एकाखाली एक. ज्या अंगाला लग्नाच्या बैठकीत, नातेवाइकांच्या घोळक्यात, आरशासमोर विशेषणंच चिकटत आली, त्याच्यापुढे इथे एकही विशेषण लागत नाही. बँकेतल्या काकूंचा खांदा आयुष्यभर एकाच बाजूला पर्स लावून उतरला होता. तो आजवर कुणी पाहिलाच नव्हता. बाईंनी पाहिला आणि त्यासाठी खडूची रेघ तेवढी खाली घेतली.

आपल्याकडे शिंप्याला माप द्यायचं म्हणजे जुना ब्लाऊज द्यायचा. परक्या पुरुषाचा टेप अंगाला नको, म्हणून ही सोय. मापाचा ब्लाऊज कपाटात जपलेला असतो. बाई बाळंत होते, वाढते, आजारपणात झडते, मापाचा ब्लाऊज तोच राहतो. दंडात रुतला तर आपलंच अंग वाढलं म्हणायचं आणि गप्प बसायचं. आता त्याची जागा एस, एम, एलच्या चिठ्ठ्यांनी घेतली आहे. बसलं नाही की दोष पुन्हा अंगाचाच.

कागदावर बेतायला क्लासात झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकाची जुनी, पाठीला चिकटपट्टी लावलेली प्रत आहे. छातीच्या मापावरून बाकीची मापं निघतात: गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, म्हणजे छत्तिसाला तीन इंच, पुढच्या भागाला छातीचा चौथा हिस्सा, त्यात सैलपणा, त्यात शिवणीची माया. गणित नावडतं म्हणून शाळा सुटलेली मुलगी हे भागाकार तोंडी करते. पण आकृती पुरी झाली की बाई पुस्तक मिटायला लावतात आणि जिचं माप आहे तिला समोर उभी करतात. आता हिच्याकडे बघ आणि मुंढा पुन्हा काढ.

पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं, तेव्हापासून शिवणाचा वर्ग हा बायकांना घराबाहेर पडायचा मोकळा रस्ता ठरला. शिवण शिकायला जाते म्हटलं की घरातलं मोठं माणूस अडवत नसे. कमाईही होतेच, फॉल-बिडिंगपासून ब्लाऊजपर्यंत. पण त्या दोन तासांत बायका एकमेकींची अंगं न लाजता, न हिणवता पाहायला शिकल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

मला त्याचा उपयोग घरीच झाला. अर्धांगवायूनंतर सासूबाईंचा डावा हात कोपरात वाकून छातीशी राहिला. जन्मभर साडी नेसलेल्या बाईला आम्ही सोयीसाठी गाऊन घातला आणि त्यांनी दारात येऊन बसणंच सोडलं. बाईंना विचारून मी ब्लाऊज बेतला. डावीकडची खांद्याची शिवण गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उघडी ठेवून तिथे पट्टी आणि टिच बटणं, त्या बाजूचा मुंढा इंचभर खोल, पुढे हुकांऐवजी वेल्क्रो. त्या हाताला स्पर्श कमी कळतो, काही टोचलं तर त्यांना सांगता येणार नाही, म्हणून आतून मलमलीचं अस्तर, तेही आधी पाण्यातून काढलेलं. घालताना दुखरा हात आधी, मग चांगला. “डावा खांदा मोकळा झाला बघ,” त्या म्हणाल्या, आणि साडी कुठली ते स्वतः सांगितलं.

त्या ब्लाऊजची आकृती सगळ्यांनी आपापल्या फाइलमध्ये उतरवून घेतली. एकीच्या वडिलांची तशीच अवस्था. तिला तसाच सदरा हवा होता. अडलं ते कॉलरशी. खांदा उघडा ठेवला तर कॉलर तोडायची कुठे? कागदाचे नमुने कापून पाहिले, सगळे मानेशी ताठ उभे राहत होते. तेव्हा माहेर सोलापूरचं असलेल्या काकू म्हणाल्या, “कॉलर हवीच कशाला? बाराबंदी शिवा की. आमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे घालतात ती.” बाईंनी फळ्यावरची कॉलर पुसली, आडवा पल्ला काढला आणि बंद कुठे कुठे येतात ते काकूंना विचारत विचारत खुणा केल्या. बारा बंद एका हाताने बांधता येणार नाहीत, तेव्हा चारच ठेवायचे, आणि तेही नुसते दिसायला, खाली टिच बटणं, इतकं ठरलं. मग आम्ही मांजरपाट अंथरलं.