बाबांचे घड्याळ आणि चोरबाजारातले शुक्रवार

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकेच्या तळाशी एखादे बंद पडलेले मनगटी घड्याळ असते. गिरणीत, रेल्वेत, गोदीत किंवा महापालिकेत आयुष्य घालविलेल्या वडिलांचे वा आजोबांचे. ते चालत नाही आणि टाकवतही नाही. अशाच एका घड्याळाचा सुटा भाग शोधीत आम्ही दोघे भाऊ तीन शुक्रवार मुंबईच्या चोरबाजारात फिरलो. तेथे जे पाहिले आणि जे कळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या बाबांचे घड्याळ एचएमटी कंपनीचे 'जनता'. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी चांगले घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ, आणि ते साहेबाच्या हातावर. 'जनता'ने ते कामगाराच्या हातावर आणले. साधी गोल तबकडी, रोज सकाळी चावी द्यायची, आत सतरा खडे. हे खडे दागिन्याचे नव्हेत. कारखान्यात तयार केलेल्या माणकाचे ते बारीक तुकडे असतात. चाकांची टोके त्यांत फिरतात, म्हणून झीज कमी होते. बाबांनी हे घड्याळ १९७४ साली पगारातून पैसे बाजूला टाकून घेतले. पाळीच्या भोंग्याआधी दहा मिनिटे ते गेटावर असत. बाबा गेले, त्यानंतर एकदा कपाट आवरताना घड्याळ फरशीवर पडले आणि बंद झाले. आई म्हणाली, "त्याची टिकटिक तेवढी परत आणा रे."

वस्तीजवळच्या एका दुकानदाराने घड्याळ उघडून पाहिले आणि दोन उपाय सांगितले. आतले मशीन काढून सेलवर चालणारे बसवायचे आणि डागाळलेली तबकडी नव्याने रंगवून घ्यायची. काम स्वस्तात होणार होते. पण मशीनही नवे आणि तोंडही नवे, तर मग त्यात बाबांचे उरले काय? आम्ही घड्याळ परत घेतले. बिघाड एवढाच होता की बॅलन्सच्या, म्हणजे आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, दांड्याचे टोक तुटले होते. हे टोक केसापेक्षा फार जाड नसते. तेवढ्यासाठी सगळे घड्याळ थांबते.

चोरबाजारात जायचे तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरावे आणि मौलाना शौकत अली मार्गाने भेंडीबाजाराच्या दिशेने चालत राहावे. दो टाकीच्या आसपास कोणालाही मटन स्ट्रीट विचारली तरी सांगतात. आठवड्याचे इतर दिवस इथली पक्की दुकाने चालतात. जुनी फर्निचरे, ग्रामोफोन, पितळी दिवे, सिनेमाची पोस्टरे. शुक्रवारी मात्र ही दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर पथारीवाले बसतात. खरे गिऱ्हाईक पहाटेच येते. आम्ही पोहोचलो तेव्हा अजून नीट उजाडले नव्हते. लोक हातात बॅटरी घेऊन पथाऱ्यांवर वाकून पाहत होते. जवळच भेंडीबाजारात जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. खाली रस्त्यावर एका फडक्यावर नळाच्या तोट्या, मोबाइलचे चार्जर, बूट आणि त्यांच्यामध्ये डबाभर घड्याळे. फेव्हर ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर, सँडोज आणि कितीतरी एचएमटी.

पहिल्या शुक्रवारी आम्ही चकाकणाऱ्या घड्याळांनी दिपून गेलो. तांबडी, निळी, पोपटी तबकडी. सगळी कोरी करकरीत. काचेची पेटी मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला भिंग दिले आणि म्हणाला, "अब देखो." भिंगातून पाहिले तर अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा कमीजास्त अंतरावर, कंपनीचे नाव किंचित तिरके. जुनी तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढवायचा, एका कंपनीच्या घड्याळाला दुसरीचे काटे लावायचे आणि माल नवा म्हणून विकायचा, हा मोठा धंदा आहे. परदेशातले शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून नाके मुरडतात. चाचा म्हणाला, "दाग है तो समझो चेहरा असली है." बाबांच्या तबकडीवरचा पिवळा डाग त्या दिवसापासून आम्हाला खुपेनासा झाला.

आणखी एक गोष्ट त्याने बजावली. अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आपण सरसकट 'रेडियम' म्हणतो. साठ सालाच्या आधीच्या अनेक परदेशी घड्याळांत ते खरोखरीचे रेडियम असे. त्याची चमक गेली तरी त्याचा किरणोत्सार शेकडो वर्षे राहतो. असा जुना रंग नखाने खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये आणि लहान मुलांना ते घड्याळ उघडायला देऊ नये. भुकटी पोटात किंवा छातीत जाणे वाईट.

दुसऱ्या शुक्रवारी आम्ही शहाणे होऊन गेलो. जनताच्या मशीनचा नंबर ०२३१. हा नंबर मशीनवरच कोरलेला असतो. पायलट या एचएमटीच्या काळ्या तबकडीच्या घड्याळातही हेच मशीन, म्हणून पायलटचा बॅलन्स जनताला चालतो. कांचन हे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे घड्याळ. त्याचे मशीन वेगळे, त्याचे भाग उपयोगाचे नाहीत. एवढे पाठ करून चार तास फिरलो, पण हाती लागले ते सगळे गंजलेले. नवा भाग कोठे मिळेल, असे चाचाला विचारले. तो हसला. "नया कहाँ से आएगा, भाई? कारखाना ही नहीं रहा. एक मरेगी तो दूसरी चलेगी."

त्याचे म्हणणे खरे होते. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. सेलवरची घड्याळे आली तेव्हापासूनच चावीच्या घड्याळांना उतरती कळा लागली होती. आता प्रत्येक सुटा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी घड्याळातूनच निघतो.

तिसऱ्या शुक्रवारी एका पथारीवर एक जनता मिळाली. काच नाही, काटे नाहीत, तबकडी पाण्याने कुजलेली. बॅलन्स मात्र हलवताच मोकळा झुलू लागला. तीनशे सांगितले, दीडशेला दिली. मागचे झाकण पुसले तर त्यावर सुईने कोरलेली अक्षरे दिसली: कोणाची तरी आद्याक्षरे आणि लग्नाची तारीख, १९७८ सालची. आम्ही दोघेही गप्प झालो. तेही कोणाच्या तरी बाबांचे घड्याळ होते. ते उघडून त्याचे काळीज काढायचे का? धाकट्याने चाचाला विचारले, "हे पूर्ण चालू करता येईल?" चाचाने चिमट्याने चाके उचलून पाहिली आणि मान हलवली. दोन चाकांचे दात गंजून गेले होते. तेव्हा कोठे आम्ही बॅलन्स काढायला सांगितले.

चाचाने बाबांचे मशीन पूर्ण सोडवले, पेट्रोलमध्ये धुतले, वाळलेले जुने तेल काढले, सुईच्या टोकावर मावेल इतके नवे तेल खड्यांना दिले आणि बॅलन्स बसवला. सेकंदाला पाच टिकटिकी. घड्याळ चालू लागले. आईने ते कानाला लावले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. ते कोरलेले झाकण आम्ही बाजारात परत दिले नाही. बाबांच्या घड्याळाच्या डबीतच ते ठेवले आहे.

वाचकांनो, आपल्या ट्रंकेतले घड्याळ भंगारवाल्याला देण्याआधी एकदा जुन्या कारागिराला दाखवा. मशीन बदलू नका, तबकडी रंगवू नका. आधी नुसती सफाई आणि तेलपाणी करून पाहा. काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत मागा. घड्याळ चालण्याजोगे असेल तर रोज एका ठरावीक वेळी चावी द्या, आणि ते कोणाचे होते, त्यांनी ते कसे घेतले, हे मुलांना सांगा. अगदीच चालण्याजोगे नसेल, तर ते अशा कारागिराकडे द्या की ज्याच्या हातून दुसऱ्या एखाद्या घरातले घड्याळ चालू होईल.