मागच्या चाकांचा तोल

महाराज बाड्यावर गाडी काढायची, तर उजवा पाय ब्रेकपासून फार दूर नेऊन चालत नाही. आमच्या जुन्या गाडीतील ए.बी.एस.चा पिवळा दिवा पेटला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे काढूनच टाकू. सरळ नळ्या जोडतो. पूर्वी कुठे होते हे?" 'पूर्वी' हा शब्द आम्हां निवृत्तांना फार गोड लागतो. आम्ही होकार दिला.

पहिल्याच पावसात, टपाल कचेरीसमोर, एक मूल आडवे आले. ब्रेक दाबताच गाडीचा मागचा भाग भेलकांडला. मूल वीतभर अंतराने वाचले.

मग आम्ही चौकशी केली. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची हलकी होतात. त्यांना दाब जास्त झाला, तर ती आधी जाम होतात व गाडी गरकन फिरते. पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत मागच्या नळीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असे. आमच्या गाडीत ते कामही ए.बी.एस.चेच यंत्र करी. मिस्त्रीचे 'पूर्वी' अर्धेच होते म्हणायचे! शिवाय मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52, मूळ रचनेशी विसंगत फेरफाराला मनाई करणारे. जन्मभर इतरांना कलमे दाखवणाऱ्या आम्हांस तेही आठवले नाही.

व्हॉल्व्ह बसवून तोल साधू, असे मिस्त्रीने सुचवले. पण तो साधला की नाही हे पाहायचे कुठे, बाड्यावर? यंत्र दुरुस्त करवून आम्ही परत बसवले. दिवा विझला. सौभाग्यवती मात्र गोरखीच्या वळणावर अजून दाराची मूठ घट्ट धरतात.