भीतीचा दुष्काळ

भय ही पैसे मोजून विकत घेण्याची वस्तू आहे, असे कोणी माझ्या आजीला सांगितले असते, तर तिने त्या बापड्याची मीठमोहऱ्या ओवाळून दृष्टच काढली असती. मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या आमच्या जुन्या घरात ती वस्तू मुबलक आणि फुकट मिळत असे. पुढे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांसाठी मी पदरचे पैसे खर्च केले, आणि त्यांनीही माझी झोप उडवून त्यांची पुरेपूर भरपाई केली.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात गावी गेलो असता पुतण्याने आपल्या लॅपटॉपवर ‘रेझिडेंट ईव्हिल’चा सहावा भाग लावला, तेव्हा मी मोठ्या उमेदीने त्याच्याशेजारी बैठक मारली. या मालिकेतील १९९६ सालचा पहिला खेळ मी महाविद्यालयात असताना एका मित्राच्या संगणकावर खेळलो होतो. त्या भयाण वाड्यात बंदुकीच्या गोळ्या मोजक्या, सामान ठेवायला कप्पे सहा किंवा आठच. इतकेच काय, आपली प्रगती नोंदवून ठेवायची तर टंकलेखन यंत्राला शाईची फीत लागे, आणि त्या फितीही मोजक्याच! समोरून प्रेत चालत येऊ लागले, की गोळी झाडावी की पळ काढावा, या हिशेबातच तळहातांना घाम सुटे. भीती त्या प्रेतात नव्हतीच. ती त्या टंचाईत होती.

२०१२ सालच्या या सहाव्या भागात मात्र सारीच सुबत्ता! स्फोट काय, पाठलाग काय, कोसळणारे विमान काय! नायकाच्या सोबतीला बहुधा एक जोडीदार असतोच. तासाभरात मला जांभया येऊ लागल्या.

माझे थोरले बंधू दारात उभे राहून हे सारे पाहत होते. ते म्हणाले, “एक त हे दोघं हायेत, आन् लाथेनंच भुतं पाडतेत. मंग यायले भेव कायचं गा?”

अनेक परीक्षकांनी या खेळावर ठेवलेला मुख्य आक्षेप त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला होता. मग त्यांनी काठी आणि बॅटरी उचलली. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती, आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. बॅटरीचा उजेड पिवळा पडलेला. तुरीच्या ओळींत रानडुकरे. “भाऊ, मी येऊ का सोबत?” मी विचारले. “काऊन? झोप तू निवांत,” असे म्हणून ते अंधारात दिसेनासे झाले.

लॅपटॉप मिटला, आणि मग मात्र मला झोप येईना. फाटकाची कडी पहाटे वाजली, तोवर मी कूस बदलीत पडून होतो. त्या रात्रीच्या भीतीसाठी मला दमडीही मोजावी लागली नाही; पण पुन्हा ती मिळावी, असेही वाटले नाही.

निघताना पुतण्या म्हणाला, “काका, २०१७ चा सातवा भाग पाहा. त्यात एका पडक्या घरात माणूस पुन्हा एकटा आहे. पुढच्या खेपेला लावू.” मी आनंदाने होकार दिला. अट एवढीच घातली, की शेतीची वीज दिवसा असेल, त्याच आठवड्यात तो लावावा.