जीवदयेच्या पेटीत कुत्र्याचंही खातं हवं



सात हजार पन्नास रुपये. आमच्या जळगावच्या गल्लीतल्या काळीच्या पिल्लाला पार्व्हो झाला, त्याचा हा सहा दिवसांचा हिशेब. पहिल्या रात्री तपासणी, टेस्ट, सलाईन मिळून १,८००; पुढचे पाच दिवस रोज ९००; वरची औषधं ७५०. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, तरी वहीत लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"रस्त्याच्या कुत्र्यावर एवढा खर्च?" असं शेजारच्या भाभी म्हणाल्या. विचारलं त्यात वावगं काही नाही, त्यांच्या घरात एकच पगार येतो. पण पिल्लू सकाळपासून उलट्या करत होतं आणि रात्री साडेनऊला रक्ताची हगवण लागली. सरकारी पशुदवाखाना तेव्हा बंद. खासगी डॉक्टरांनी आधी हजार रुपये भरायला सांगितले.

या रोगात विषाणू आतड्याचं अस्तर खातो. तो मारणारं हुकमी औषध नाही. सलाईननं अंगातलं पाणी टिकवायचं, दुसरा जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही, आणि पिल्लाच्या शरीराला लढायला वेळ द्यायचा. उपचार नाही मिळाले तर बहुतेक पिल्लं जातात, वेळेत मिळाले तर बरीच वाचतात. म्हणून "सकाळपर्यंत बघू, हळद-दूध पाजू" हे इथे चालत नाही. उलट्या होत असताना तोंडानं काही कोंबूच नये.

पैसे कमी असले तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, आज काय केलंच पाहिजे आणि काय उद्यावर टाकता येईल? यात लाज कसली? ॲडमिट केलं असतं तर आकडा दुपटीवर गेला असता. आम्ही सकाळ-संध्याकाळ नेऊन सलाईन लावून आणलं. बायकांनी पाळ्या वाटून घेतल्या. अकरा घरांनी पाचशे-पाचशे दिले, उरलेले १,५५० मी घातले. भाभींचेही पाचशे त्यात आहेत. पिल्लू सहाव्या दिवशी भात खायला लागलं.

कुसुंब्याच्या गोशाळेला चारा म्हटलं की आपला हात सैल होतो, कबुतरांना ज्वारी तर रोजचीच. कुत्र्याची पाळी आली की मात्र शेवटची पोळी. मला सांगावंसं वाटतं की मुंबईची पांजरापोळ मुळात कुत्र्यांमुळे उभी राहिली. १८३२ मध्ये इंग्रज सरकारनं मोकाट कुत्री मारायला लावली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, आपले जैन-हिंदू व्यापारीही बंदात सामील झाले. मग १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी ती संस्था काढली. गाई नंतर आल्या!

जीवदयेचे पैसे दुसऱ्या कामाला वापरायचे नाहीत, हे आपल्याकडे पक्कं आहे. मग त्याच पेटीत "तातडीचा औषधोपचार" असं एक छोटं खातं ठेवायला काय हरकत आहे? किल्ली दोघींकडे, पावती वहीला टाचलेली, आणि रात्री एका फोनवर हजार-दोन हजार निघाले पाहिजेत. सभा भरवून मंजुरी घेईपर्यंत पिल्लू थांबत नाही. धुळ्याच्या नणंदेला सांगितलं, तर ती म्हणते पर्युषणात मंडळात विषय काढते. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबरही भिंतीवर लिहून ठेवा. ती सोय मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

एकीनं विचारलं, जंताचं औषध देणं ही हिंसा नाही का? महासतीजींना विचारणार आहे. तोवर औषध थांबवणार नाही.

आजारी पिल्लाची जागा फिनाईलनं पुसून भागत नाही, ब्लीचिंग लागतं. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लस दीड-दोन महिन्यांच्या वयात सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. आमच्या इथे एका डोसचे सहाशे सांगितले.

आमच्या डब्यात आज २,३०० आहेत. डॉक्टरांनी पंधरा दिवस थांबायला सांगितलं होतं, ते झाले. रविवारी काळीची उरलेली तीन पिल्लं लसीला न्यायची आहेत. कुत्री बसवून घेणारा रिक्षावाला कुणाच्या ओळखीचा असेल तर सांगा.