सहा पाउंडांची हवा

कॉन्टेसाला आपल्याकडे मसल कार म्हणतात ते निम्मं कौतुकानं आणि निम्मं दुसरं काही नव्हतं म्हणून. लांब बॉनेट, मागच्या चाकांना ताकद, समोर चार दिवे, एवढ्यावर तिला ती पदवी मिळाली. १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सनं ती उत्तरपाड्याहून काढली तेव्हा त्या अवाढव्य अंगात जेमतेम पन्नास हॉर्सपॉवरचं दीड लिटरचं इंजिन होतं. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, ताकद ८८ हॉर्सपॉवरवर गेली आणि गाडीत जरा जीव आला. माझी ती इसुझूवाली. नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, तेव्हा मी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत चार्जमन होतो. कॉलनीत ती दोन क्वार्टरांसमोरची जागा अडवायची. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

माझं काम प्रोपेलंटचं, म्हणजे तोफेच्या गोळ्यामागे जळणाऱ्या दारूचं. हे सांगायचं कारण पुढे येईल. प्रोपेलंटनं जळायचं असतं, फुटायचं नसतं. ज्वाला थरामागून थर खात जाते तोवर सगळं ठीक. तिच्या जागी धक्क्याची लाट ध्वनीच्याही वर वेग घेऊन पदार्थातून गेली की ते डिटोनेशन, आणि मग नळी जागेवर राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये बिनधुराची दारू केली, जळण्याच्या वेगाचा हा नियमही त्याच्याच नावानं ओळखतात. नव्या ॲप्रेंटिस पोरांना मी तो फळ्यावर लिहून द्यायचो आणि पाठ करवून घ्यायचो. गेटवर काडेपेटी काढून ठेवण्याआधी डोक्यात हे ठेवा, असंही म्हणायचो. वाक्य मला आवडायचं.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना आम्ही अमेरिकेत मिशिगनला भाच्याकडे गेलो. त्याच्याकडे जुनी मस्टँग. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिथे तो मला घेऊन गेला. बॉनेट कापून वर आलेले ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे सुपरचार्जर, मी तिथे पहिल्यांदा पाहिले. भाच्यानं सांगितलं, "मामा, यातले कितीतरी मुळात डिझेल बसचे आणि ट्रकचे आहेत." खरंच होतं ते. जनरल मोटर्सच्या दोन स्ट्रोकच्या ६-७१ डिझेल इंजिनाला हवा भरायला रूट्स ब्लोअर लागायचा. तो भंगारातून काढून पोरांनी व्ही-एट पेट्रोल इंजिनांवर चढवला आणि एक अख्खी परंपरा उभी केली. रूट्स बंधूंनी १८६० मध्ये इंडियानात त्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मोटार असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे ते भट्ट्यांना वारा घालायला वापरलं गेलं.

मी काय उचललं? भंगारातली डिझेलची वस्तू पेट्रोलवर चालते, एवढंच. ब्लोअरला पट्टा फिरवतो आणि त्याच्यातून थंड हवा जाते. टर्बोला एक्झॉस्टचा जाळ फिरवतो. हा फरक मला माहीत होता. सोयीचा नव्हता.

परत आल्यावर सुपरचार्जर की टर्बो हा वाद सुरू झाला आणि तो मी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून खाल्ला. भाचा सुपरचार्जरच्या बाजूचा. पेडल दाबलं की लगेच ओढ मिळते, पायपिंग कमी, बॉनेटखाली भाजत नाही. मी टर्बोच्या बाजूचा. सुपरचार्जर इंजिनाच्याच क्रँकवरून ताकद घेतो आणि मग परत देतो. टर्बो सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या जाळावर फिरतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. मी वहीत गणितं मांडली. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश. ती हवा दर चौरस इंचाला सहा पाउंडांनी दाबली तर साध्या रूट्स ब्लोअरमधून ती शंभर अंशांच्या आसपास बाहेर पडणार. टर्बोतून नव्वदच्या घरात, आणि पुढे इंटरकूलर लावला तर आणखी खाली. कागदावर ८८ चे सव्वाशेच्या जवळ जात होते. एक गाळलेली ओळ सोडली तर गणितं बरोबर होती. आजही ती वही दाखवायला मला लाज वाटत नाही.

१९६२ मध्ये ओल्डस्मोबिल कंपनीनं जेटफायर नावाची टर्बोची गाडी काढली होती, तीही वाचून झाली. इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ ला १, त्यावर टर्बो. नॉकिंग, म्हणजे ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण एकदम फुटणं, होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलची एक टाकी, तिच्यातून इंजिनात जाणाऱ्या हवेत फवारा. गिऱ्हाइकं ती टाकी भरायलाच विसरायची. शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून दिला. मी हे वाचून हसलो होतो. टाकी भरायला विसरतात म्हणजे काय!

टर्बो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणला, एका डिझेल जीपचा. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण सातशे-साडेसातशे अंशांचा, पेट्रोलचा नऊशेच्या वर जातो. टर्बाइनचं घर त्याच हिशोबानं ओतलेलं असतं. दुकानदारानं विचारलं, कोणत्या गाडीला? मी म्हटलं, जीपला. पैसे जीपीएफमधून काढले होते. अर्जात कारण लिहिलं 'मोटारीची मोठी दुरुस्ती'. तेव्हा ते खोटं होतं, लवकरच खरं झालं.

काम कॉलनीजवळच्या ठाणा पेट्रोल पंपाच्या स्टॉपवरच्या मिस्त्रीकडे दिलं. माझ्याहून वयानं लहान, शाळा आठवीपर्यंत, हात सोन्याचे. त्यानं पायपिंग केलं, कार्बोरेटरच्या तोंडावर पत्र्याची बंद टोपी बसवली, इंटरकूलर ग्रिलच्या मागे चपखल घातला. मग बॉनेटला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, हवा त तुमी भरसान, पन पेट्रोल कोठून येईल जी?"

मी त्याला लेक्चर दिलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल हवेच्या ओढीनं येतं, जितकी हवा जास्त तितकं पेट्रोल जास्त, निसर्गच ते जुळवतो. तो पंपाकडे बोट दाखवत राहिला. इंजिनावरचा तो जुना पंप, डायफ्रामचा, तीन-चार पाउंडांचा दाब देणारा. मी म्हटलं, "पंपाचं काय, तो वाटी भरतो." तो म्हणाला, "बरं जी."

वहीत गाळलेली ओळ हीच. बंद टोपीखाली कार्बोरेटरच्या वाटीवरही तेच सहा पाउंड बसतात. पंप देतो चार. चार पाउंडांनी सहाच्या विरुद्ध पेट्रोल कसं ढकलायचं? बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चारच्या वर गेला की वाटीत नवं पेट्रोल येणं बंद. वाटीत जे असतं त्यावर इंजिन काही सेकंद मस्त ओढतं. आणि कॉलनीतल्या रस्त्यांवर, शहापूरच्या फाट्यापर्यंत, मी काही सेकंदच ओढत होतो. पुढे ट्रक, नाहीतर गतिरोधक. पाय उचलला की वाटी भरायची. चाचणी पास! मिस्त्रीला शेजारी बसवून मी त्याला ती ओढ दाखवली. तो खूश झाला, पण पंपाचा विषय त्यानं पुन्हा काढला. मी टाळला.

त्यात भर म्हणून टायमिंग मी थोडं पुढे केलं होतं, पिकअपसाठी. दाब वाढला की जळणं वेगानं होतं, म्हणून ठिणगी उशिरा द्यायची असते. व्हिएयचा नियम मी फळ्यावर लिहिला, डिस्ट्रिब्युटरला हात लावताना मात्र आठवला नाही.

मे महिन्यात बायकोच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं नागपूरला. गाडीनं जाऊ, असा हट्ट माझा. खरबी ओलांडली, चौपदरी रस्ता मोकळा मिळाला. एक पांढरी एसयूव्ही माझ्यापुढे गेली. त्या माणसाला बहुतेक माहीतही नसेल की आमची शर्यत लागली आहे. मी पेडल दाबलं आणि पहिल्यांदाच दाबून धरलं.

गाडी निघाली ती खरंच निघाली. काटा चढत गेला. मग आवाज सुरू झाला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. ही म्हणाली, "काहीतरी वाजतंय." मी म्हणालो, "टॅपेट."

टॅपेटचा आवाज मला माहीत आहे, तो असा नसतो. पाय उचलायला फार तर अर्धा सेकंद लागला असता. नोकरीभर ज्या गोष्टीपासून लोकांना वाचवण्यासाठी मी रजिस्टरं भरली, तशीच गोष्ट माझ्या पायाखाली, चार भांड्यांत, मिनिटाला हजारो वेळा घडत होती आणि मी एसयूव्हीच्या मागच्या नंबरप्लेटकडे पाहत होतो. तिच्या बरोबरीला आलोही. मग मागे निळा-पांढरा धूर, ओढ गेली, ऑइलची नळी उडाली. मौद्याच्या अलीकडे गाडी कडेला लागली.

ही काहीच बोलली नाही. शालूवर ओढणी घेऊन काळीपिवळीत बसली आणि पुढे गेली. मंगलाष्टकं झाल्यावर पोहोचली. मी टोचन लावून उलट दिशेनं आलो.

ठाणा पेट्रोल पंपाला पोहोचलो तेव्हा स्टॉपवर दहा-बारा माणसं होती, बहुतेक कारखान्यातलीच. त्यांच्यासमोर मी मिस्त्रीला म्हणालो की काम कच्चं केलंस. पायपिंग गळलं असणार. तो ऐकून घेत होता. हेड उघडायला त्यानं दोन दिवस घेतले, मुद्दाम मी असताना उघडलं. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे राखाडी ठिपके उडाले होते. तिसऱ्या पिस्टनचा माथा कडेला खडबडीत, जणू कुणी कुरतडून खाल्लेला, रिंगेजवळची कड तुटलेली, आणि बाजूला चार आण्याच्या नाण्याएवढं भोक. त्यानं पिस्टन कपड्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. पाइपाचे सगळे जोड कोरडे, शाबूत होते. तेही दाखवले, बोट फिरवून, एकेक.

माफी मी मागितली, पण दुकानात, आम्ही दोघंच असताना. आरोप दहा जणांत केला होता. हा हिशोब त्यानं लावला असणार, कारण पुढचं काम त्यानं घेतलं नाही. "वेळ नाही जी," म्हणाला. दुकान रिकामं होतं.

पिस्टन मिळायला वर्षं गेली. कॉन्टेसा २००२ मध्येच बंद झालेली. इसुझूचे पिस्टन कुणाकडे आहेत हे विचारत मी मुंबईपर्यंत फोन केले. तोवर निवृत्ती आली, क्वार्टर सोडायचं आलं, आणि बंद गाडी भाड्याच्या ट्रकवर चढवून भंडाऱ्याला न्यावी लागली. शेजारी निरोपाला आले आणि ट्रकला धक्का देऊन गेले. कायद्याच्या बाजूनंही मी मोकळा नव्हतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं कंपनीनं दिलेल्या नोंदींशी न जुळणारा फेरफार गाडीत करता येत नाही. इंजिन तेच आहे, फक्त हवा जास्त, असं मी स्वतःला समजावलं होतं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे फेरफार चालणार नाहीत असा निर्णय दिला, ती बातमी मी पेपरात दोनदा वाचली.

इंजिन शेवटी नागपूरच्या दुसऱ्या माणसानं बांधलं, ओव्हरसाइज पिस्टन घालून. त्यानं बांधण्याआधी एक गोष्ट सांगितली जी मला जास्त लागली. उरलेल्या तीन भांड्यांचं बोअरही झिजलेलं होतं, आणि ती झीज टर्बोच्या फार आधीची होती. कॉम्प्रेशन टेस्ट केली असती तर अर्ध्या तासात कळलं असतं. गाडी मला मंद वाटत होती कारण ती ८८ हॉर्सपॉवर देतच नव्हती. भाच्याशी रात्र-रात्र सुपरचार्जर की टर्बो करत होतो, तेव्हा गेज मिस्त्रीच्या खुंटीवर लटकलेला होता.

आता ती साध्या हवेवर चालते. बोअर नवं, कार्बोरेटर साफ, टायमिंग कंपनीनं सांगितलं तिथे. कारध्याच्या पुलावरून चौथ्या गिअरमध्ये सहज जाते. भाच्यानं व्हिडिओ पाहून विचारलं, "मामा, ही आधीपेक्षा पळतेय की काय?" मी विषय बदलला.

टर्बो बरेच दिवस माळ्यावर होता. गेल्या वर्षी नागपूरच्या एका जुन्या सामानवाल्याला दिला. त्यानं शाफ्ट बोटानं फिरवून पाहिला, घर उजेडाला धरलं आणि विचारलं, "डिझेलवरच चालला ना?" तिथे एक तरुण पोरगा जीपसाठी टर्बो शोधत उभा होता.

मी हो म्हणालो.