पेटीतली पेटी

खानदेश सोडून सुरतेस आलेल्या अनेक घरांपैकी आमचे एक. लिंबायतेत आता आमची तिसरी पिढी नांदते आहे. यंदा गल्लीतील मंडळाने मराठी कुटुंबांची यादी संगणकावर करावयाचे ठरविले आणि ते काम आमच्या पुतण्याकडे आले. त्याने घरोघर फिरून माहिती टिपली. प्रत्येक नोंदीत प्रमुखाचे नाव, मूळ गाव आणि त्यातच घरातील माणसांची निराळी यादी. म्हणजे पेटीत पेटी. संगणकाच्या परिभाषेत अशा यादीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात.

छापण्यासाठी दर कुटुंबाची एक सलग ओळ हवी होती. पीएचपी या भाषेत त्यासाठी ‘इम्प्लोड’ नावाची सोय आहे. ती यादीतील पदे स्वल्पविरामाने जोडते. पण वरच्या पेटीपुरतीच. आतली पेटी ती उघडत नाही. कागद हाती आला तेव्हा आमचे नाव होते, गाव होते. आणि आई, सौभाग्यवती व मुली यांच्या जागी एकच शब्द होता : ‘अ‍ॅरे’!

“अरे, आमची माणसे गेली कुठे?” आम्ही कडाडलो.

“काका, यंत्राने इशारा दिला होता, मीच तो वाचला नाही,” पुतण्या ओशाळून म्हणाला. मग हळूच म्हणाला, “पण पत्रिकेच्या पाकिटावर आपणही ‘सहकुटुंब सहपरिवार’ एवढेच लिहितो ना?”

आम्ही निरुत्तर झालो. आजवर घरी आलेल्या एकाही पाकिटावर आईचे नाव आम्ही पाहिले नव्हते.

पुतण्याने दुसरी भाषा, जावास्क्रिप्ट, वापरून पाहिली. तिने आतली नावे गाळली नाहीत. परंतु सर्वांना एकाच स्वल्पविरामाने ओवले. गाव कुठे संपले आणि माणसे कुठे सुरू झाली, हे कळेना. अखेर त्याने आधी प्रत्येक घरातील नावे स्वल्पविरामाने जोडली आणि मग ती ओळ अर्धविराम देऊन बाहेरच्या नोंदीत बसविली. आधी आतले, मग बाहेरचे. उपाय एवढाच होता.

नवा कागद आम्ही आईला वाचून दाखविला. ती चष्मा शोधू लागली.

“मन्हं नाव बी शे का?” तिने विचारले.

आम्ही त्या ओळीवर तिचे बोट ठेवले.